भीतीचा वास, सातेरीच्या पेट्या आणि टाकीखालचं आग्यामोहोळ

पत्र

नमस्कार. माझं माहेर मडगावला, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. लग्नानंतर फोंडा तालुक्यात आले. इथे घराला लागूनच कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग आहे. नऊ वर्षांची असताना शाळेच्या सहलीत आग्या माश्या उठल्या होत्या, मला सात-आठ डंख बसले आणि रात्री ताप आला. तेव्हापासून माशीचा आवाज कानाशी आला की हातपाय गार पडतात, मी ओरडत धावत सुटते. सासूबाई म्हणतात, माशीला भीतीचा वास येतो, भिणाऱ्यालाच ती चावते. आता यजमानांना कुळागरात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या आहेत. शिवाय शेजारच्या घराच्या पाण्याच्या टाकीखाली आग्याचं मोठं पोळं लागलंय. माझी पाच वर्षांची मुलगी माझं बघून आता फुलपाखराला पण किंचाळते. माझी भीती जाईल का? पेट्या ठेवू द्याव्यात का?

उत्तर

ताई, पेट्या ठेवू द्या, पण लगेच नको. भीतीवरही उपाय आहे, आणि कुळागर असलेल्या घरात तो करायला फ्लॅटपेक्षा जास्त सोय आहे. मात्र तुमच्या पत्रात दोन वेगळ्या माश्या एकाच भीतीत मिसळल्या आहेत. सातेरीची भीती कमी करायची आणि आग्यापासून अंतर राखायचं. हा फरक पक्का झाला की पुढचं सोपं जातं.

आधी सासूबाईंचं म्हणणं. त्यांनी पाहिलंय ते खोटं नाही, कारण मात्र वेगळं आहे. मधमाशीला वास येतो तो आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायॉक्साइडचा, घामाचा, अत्तराचा, केसांच्या तेलाचा. पोळ्याजवळ तिला खटकते ती झटक्याची हालचाल, हादरा, गडद रंग आणि केसाळ पृष्ठभाग. पोळं लुटायला येणारे प्राणी बहुतेक असेच असतात: अस्वलासारखे काळे, केसाळ आणि धापा टाकणारे. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो. हात झाडतो, जोरात श्वास टाकतो, पदर फडकवतो. माशी तुमच्या भीतीला ओळखत नाही, भीतीने तुम्ही जे करता त्याला उत्तर देते. म्हणून आतून घाबरलेलं असूनही हात खाली ठेवून, तोंड मिटून, नाकाने हळू श्वास घेत चार पावलं मागे जाणाऱ्या बाईला माशी सहसा काही करत नाही. धीट होईपर्यंत थांबायची गरज नाही, एवढं जमलं तरी पुरतं.

याच धर्तीची दुसरी समजूत म्हणजे माशी मालकाला ओळखते. हंगामात कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते, त्यामुळे ओळख धरून ठेवायला पेटीत तीच माशी उरतच नाही. मालकाला डंख कमी बसतात, कारण त्याचे हात सावकाश चालतात.

आता माशी कुठे भेटते ते महत्त्वाचं. तुळशीच्या मंजिरीवर, काजूच्या मोहरावर, माडाच्या पोयीवर (फुलोऱ्यावर), नळाखालच्या ओल्या फरशीवर दिसणारी माशी कामावर आलेली असते. तिथे राखायला तिच्याकडे काहीच नसतं. पायाखाली आली, मुठीत सापडली किंवा केसांत-कपड्यांत अडकली तरच ती डंख करते. एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी माश्या ओल्या कपड्यांवर आणि मोरीवर येतात, ते पाहून लोक घाबरतात. त्या वेळी अंगणाच्या कडेला पसरट भांड्यात पाणी आणि त्यात चार दगड ठेवावेत. दोन-तीन दिवसांत त्यांना तिथली सवय लागते. सवय मोडू नये म्हणून भांडं कोरडं पडू देऊ नका.

पोळ्यापाशी गोष्ट बदलते. दाराशी राखणदार माश्या असतात. त्यांतल्या एकीने डंख केला की नांगीचे काटे कातडीत रुततात, माशी सुटायला जाते आणि नांगी, विषाची पिशवी आणि तिच्या भोवतीचे स्नायू तुटून तुमच्याच अंगावर राहतात. नीट पाहिलं तर पांढुरका, मोहरीपेक्षा लहान गोळा दिसतो आणि तो आपोआप आकसत-फुगत असतो. विष ढकलणं चालूच असतं. त्याच जागी एक गंध सुटतो, त्यातला मुख्य घटक आयसोअमाइल ॲसिटेट. आपल्या नाकाला तो पिकलेल्या केळ्यासारखा वाटतो. बाकीच्या माश्यांसाठी ती जागा खूण होते आणि पुढचे डंख तिथेच येतात. माशी चिरडली तरी हाच गंध सुटतो. पोळ्याजवळ माशी मारू नये ते यासाठीच. केळं खाऊन, केळ्याच्या वासाचं काही लावून पेटीजवळ जाऊ नये, हा मधपाळांचा जुना नियमही याच गंधावरून आलेला आहे.

गोव्यात तुम्हाला दिसणाऱ्या माश्या ओळखायला अवघड नाहीत. आग्या सगळ्यांत मोठी, बोटाच्या पेराएवढी लांब. तिचं पोळं उघड्यावर, एकच, लोंबणारं, कधी हातभर तर कधी त्याहून रुंद, आणि वरून माश्यांचाच पडदा. उंच झाड, कडा, चर्चचा मनोरा, देवळाचं शिखर, पाण्याची टाकी या तिच्या आवडीच्या जागा. सातेरी तिच्या निम्म्याच्या आसपास. ती झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत अंधारात राहते आणि समांतर पोळी बांधते, म्हणून तीच पेटीत राहू शकते. फुलोरी छोटी, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं करते. चौथी पोया माशी, मुंगीएवढी, काळसर. जुन्या घराच्या चिऱ्यांच्या भिंतीत भोक दिसतं आणि त्यातून मेण-डिंकाची बारीक नळी बाहेर आलेली असते, ते तिचं दार. तिला डंख करता येत नाही. घर फोडलंत तर केसांत शिरून चावे घेईल, तेवढंच. वाश्यात किंवा बांबूत भोक पाडणारा काळा, मोठा भुंगा आवाजाने जीव घाबरवतो. त्याच्या नराला नांगीच नसते आणि मादी हातात पकडल्याशिवाय काही करत नाही. गांधीलमाशी मात्र वेगळी. तिची नांगी तुटत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, कारण इथे चुकीचा सल्ला जिवावर बेततो. 'माशी आली की हलू नका, पुतळ्यासारखे उभे राहा' हे एकटीदुकटी माशी फिरकते तेव्हा बरोबर आहे. आग्याचं पोळं उठल्यावर हा सल्ला घातक आहे. डोक्यावर एकदम बऱ्याच माश्या, चेहऱ्यावर धडकणाऱ्या माश्या, एका मागोमाग दोन डंख, यांतलं काहीही झालं की पळायचं. सरळ रेषेत, पोळ्यापासून दूर, पदर किंवा शर्ट वर ओढून तोंड-डोळे झाकून. हात हलवण्यात वेळ घालवू नका. आग्या माश्या शंभर-दोनशे मीटर, कधी त्याहूनही जास्त पाठलाग करतात. म्हणून पळणं झाडीत किंवा मोकळ्या शेतात नको, घरात किंवा मोटारीत हवं. दार-काचा बंद करा. चार माश्या आत आल्या तरी त्या उजेडाकडे, काचेवर जातात, तुम्ही अंधाऱ्या बाजूला सरका. विहिरीत, तळीत, नदीत उडी कधीच नको. माश्या वर घिरट्या घालत राहतात, आणि डंखांनी गळलेला माणूस बुडतो. जमिनीवर आडवं पडणंही चूक. मुलीला उचला आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरा.

आग्या चिडण्याआधी बहुतेकदा इशारा देते. पोळ्यावर काळसर-चकचकीत लाट एका टोकाकडून दुसरीकडे सरकते. माश्या क्रमाने पोट वर उचलतात, त्याची ती लाट. ती मुख्यतः गांधीलमाशीला हुसकावण्यासाठी असते, पण आपण जवळ गेल्यावर लाटा वारंवार यायला लागल्या तर थांबा आणि आल्या वाटेने परत फिरा. सातेरीचा इशारा कानाने कळतो. पेटीला धक्का लागला की आतून एकदम 'फुस्स' असा आवाज येतो.

चिडण्याची कारणं सहसा माणसाचीच असतात: दगड, फटाके, पोळ्याखाली पेटवलेला कचरा, टाकीवर ड्रिल, गवत कापायचं यंत्र, खाली धडाधड पडणारे नारळ. कधी कारण आपल्या हातात नसतं. मोहोळघार (पोळ्यांवर येणारा शिकारी पक्षी) पोळं ओरबाडते आणि खालून जाणारा सापडतो. वादळी हवा, पावसाळ्यात फुलांची टंचाई, नुकताच काढलेला मध, यांनीही माश्या तापट होतात.

स्कूटरवर हेल्मेटमध्ये माशी शिरली तर आधी ब्रेक, मग इंडिकेटर, गाडी कडेला, स्टँड, आणि नंतर हेल्मेट. माशीच्या डंखापेक्षा चालत्या गाडीवर हात सोडणं जास्त धोक्याचं. ब्लाउजमध्ये शिरली तर कपडा अंगापासून दूर धरून तिला वाट द्या, वरून दाबू नका.

डंख बसलाच तर नांगी ताबडतोब काढा. नखाने, कार्डाने, चिमटीने, जसं जमेल तसं. कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं, कारण बहुतेक विष पहिल्या वीस-तीस सेकंदांतच आत जातं. सुरी शोधायला स्वयंपाकघरात जाऊ नका. मग त्या जागेपासून दूर जा, साबणाने धुवा म्हणजे गंध कमी होतो, आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. हाताला डंख असेल तर बांगड्या-अंगठ्या लगेच उतरवा, सुजल्यावर निघत नाहीत. खाजेसाठी मोठ्या माणसाला सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी, १० मिलिग्रॅम, चालते. मुलीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून घरात लिहून ठेवा. चुना, रॉकेल, टूथपेस्ट, लोखंड घासणं यांनी विष उतरत नाही आणि वेळ जातो. दुसऱ्या दिवशी सूज वाढली म्हणून घाबरू नका. ती दोन दिवस वाढून मग ओसरते.

हॉस्पिटल कधी? डंखापासून दूर अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, उलटी झाली, चक्कर आली, यांपैकी एकही दिसलं तर १०८ लावा. हे बहुतेकदा काही मिनिटांत ते तासाभरात होतं आणि त्यावर पहिलं औषध मांडीत स्नायूत दिलं जाणारं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन आहे. गोळीवर विसंबून घरी थांबू नका. चक्कर येत असेल तर आडवं करून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर टेकून बसवा. तोंडात-घशात डंख असेल तर लक्षणं नसली तरी निघा. डोळ्यात असेल तर चोळू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पन्नासच्या आसपास किंवा जास्त डंख असतील तर माणूस बोलत-चालत असला तरी दाखल करा. इतक्या विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटून एक-दोन दिवसांनी किडनीवर परिणाम होऊ शकतो. लघवी कोऱ्या चहासारखी दिसणं ही त्याची खूण. मुलांच्या बाबतीत दहा-वीस डंखही याच हिशेबात धरा.

तुमच्या लहानपणच्या प्रसंगात ताप आला होता. सात-आठ डंखांनी ताप येणं म्हणजे ॲलर्जी नव्हे. तरी आईला विचारा: अंगभर गांधी उठल्या होत्या का, श्वास लागला होता का? 'हो' असेल, किंवा तुम्हाला दमा असेल, तर पुढचं काही सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

आता भीती. ती टाळण्याने वाढते. तुम्ही धावत सुटता, धावल्यावर बरं वाटतं, आणि मन शिकतं की धावलो म्हणून वाचलो. ही गाठ सोडवायची तर भीतीच्या जागी थोडा वेळ थांबून ती आपोआप उतरताना अनुभवावी लागते. भीतीला शून्य ते दहा गुण द्या. तीन-चार गुणांची पायरी निवडा, तिथे थांबा आणि आकडा निम्म्यावर आला की मगच उठा. वीस-तीस मिनिटं लागतील. आकडा चढत असताना उठून गेलात तर भीतीच पक्की होते. आकडा सातावर गेला तर दोन पावलं मागे सरका, पण पळू नका.

सुरुवात मोबाइलवरच्या सातेरीच्या व्हिडिओने करा. आधी आवाज बंद, मग हळूहळू वाढवा, कारण तुम्हाला आवाजच जास्त त्रास देतो. मग काचेच्या बरणीत झाकण लावलेली मेलेली माशी. खिडकीच्या कोपऱ्यात ती मिळतेच. तिचे पाय, पोटावरचे पट्टे बघा. त्यानंतर तुळशीवृंदावन. सकाळी आठ-नऊच्या सुमारास मंजिऱ्यांवर सातेरी असतात. तीन मीटरवर खुर्ची टाकून बसा आणि एकाच माशीकडे बघत राहा: ती किती फुलं घेते, मागच्या पायांवर परागांचा गोळा आहे का. पुढच्या आठवड्यात दोन मीटर, मग एक. गोव्याच्या जुन्या घरात याच्या पुढची उत्तम पायरी फुकट मिळते, ती म्हणजे पोया माशीची नळी. सासूबाईंना विचारा, पडवीच्या किंवा गोठ्याच्या भिंतीत असेलच. तिथे हातभर अंतरावर बसता येतं, माश्या कानाजवळून जातात, आवाज येतो आणि डंख होऊच शकत नाही. ही पायरी घाईने सोडू नका. सातेरीच्या पेटीची पाळी यानंतर.

या पायऱ्यांत यजमानांचा हात धरून बसू नका. पहिल्या एक-दोन वेळा चालेल, पुढे नको, नाहीतर धीर त्यांच्यामुळे आला असंच वाटत राहील. आणि आग्याचं पोळं या शिडीवर कुठेच नाही. महिना-दीड महिना नेमाने करूनही झोप उडत असेल, अंगणात पाऊल टाकवत नसेल, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. अशा भीतीवर ठरलेले उपचार आहेत.

पेट्यांबद्दल यजमानांशी बोलताना या अटी घाला. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरुवात करायची, कारण तेव्हा फुलोरा पुढे असतो आणि तुम्हालाही सराव करायला वेळ मिळतो. आधी एकच पेटी, फार तर दोन. घराच्या दारापासून निदान दहा मीटर दूर, सावलीत, तोंड पूर्वेकडे आणि वाटेकडे पाठ. तोंडासमोर दोन-तीन मीटरवर माणसाच्या उंचीचं कुंपण किंवा झुडूप असावं, म्हणजे माश्या लगेच वर उचलतात आणि वाटेवर डोक्याच्या पातळीला येत नाहीत. दारासमोर उभं राहणं हे डंखाचं सर्वांत साधं कारण आहे, कायम बाजूने किंवा मागून जायचं. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या पेटी पळवून लावतील आणि वैतागलेल्या माश्या चिडतील. पेटी उघडायची उन्हाच्या सकाळी, पावसाळी हवेत किंवा संध्याकाळी नाही. अंगात फिकट सुती कपडे, डोक्यावर जाळीची टोपी. काळं, लोकरी आणि गडद लाल नको. लाल रंग माश्यांना दिसत नाही, त्यांना तो काळसरच वाटतो. माश्यांची रंगदृष्टी उलगडली ती १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल फॉन फ्रिश यांनी. धुरासाठी नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) उत्तम, पण धूर गार हवा. स्मोकरसमोर, म्हणजे धूर सोडायच्या डब्यासमोर हात धरून पाहावा, चटका बसला तर माश्यांनाही बसतो. दोन-तीन फुंकर पुरतात. धुराने इशाऱ्याचा गंध झाकला जातो आणि माश्या मध पोटात भरायच्या मागे लागतात.

शेजाऱ्यांच्या टाकीकडे मात्र आजच लक्ष द्या. पोळं माणसांच्या वावरापासून दूर आणि उंच असेल तर आग्या साधारण पावसाच्या तोंडावर आपणहून निघून जाते, तोवर तिला तसंच राहू देणं सर्वांत सुरक्षित. त्या काळात टाकीवर चढायचं नाही, खाली कचरा जाळायचा नाही, गच्चीवरचा दिवा रात्री बंद ठेवायचा. आग्या चांदण्यात उडते आणि दिव्याकडे ओढली जाते. मुलांना चेंडू घेऊन तिकडे जाऊ देऊ नका. पोळं जिन्याजवळ किंवा नळाच्या वाटेवर असेल तर पंचायतीला आणि अग्निशमन दलाला कळवा. ते काम पूर्ण पोशाखातल्या जाणत्या माणसांनी रात्री करायचं असतं. झुरळांचा स्प्रे, पेटता टेंभा, मधाच्या लोभाने वर चढणारा ओळखीचा पाडेली (नारळ पाडणारा), यांतलं काही होऊ देऊ नका. माश्या गेल्यावर उरलेलं मेण खरवडून ती जागा धुवायला सांगा, कारण आग्या वर्षानुवर्षं त्याच जागी परत येते.

मुलीला 'घाबरू नकोस' असं सांगू नका. तुम्ही तुळशीपाशी बसाल तेव्हा तिलाही शेजारी बसवा, माशीच्या पायावरचा पिवळा गोळा कुणाला आधी दिसतो ते बघा. तिला दोनच नियम शिकवा: एक माशी आली तर हात खाली आणि हळू मागे, खूप माश्या आल्या तर तोंड झाकून घरात धाव. दुसरा नियम तिच्याकडून घराच्या दारापर्यंत दोन-तीन वेळा करून घ्या, आणि दाराची कडी तिच्या हाताला पोचते का तेही तेव्हाच पाहून घ्या.